टँक चार फुटी, आणि मासाही चार फुटी होणार

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय. थोडक्यात असं:

"आम्ही चौथ्या मजल्यावर टू बीएचकेमध्ये राहतो. हॉलमध्ये ४ फूट बाय दीड फूट बाय दीड फूटचा टँक आहे. त्यात २ ऑस्कर (९ इंच), १ सिल्व्हर अरोवाना (१५ इंच), १ रेड टेल कॅटफिश (१४ इंच), ३ शार्क (१० इंच) आणि १ सकर (काचेला चिकटणारा मासा, १० इंच) आहेत. अरोवाना सोडून बाकी सगळे कुर्ल्याच्या बाजारातून आणले, तेव्हा दोन-दोन इंचाचे होते, पावणेदोन वर्षं झाली. शार्क चार होते, एक कुठे गेला ते कळलंच नाही. दुकानदार म्हणाला होता मासा टँकच्या मापानेच वाढतो, आणि मोठे मासे गर्दीत ठेवले की मारामारी करत नाहीत. सगळे मस्त खातात, रंग चांगला आहे, बाकी एकही मेला नाही. पण बायको आणि आठवीतली मुलगी मागे लागल्यात की ही क्रूरता आहे, मुलगी म्हणते कॅटफिश दिवसभर कोपऱ्यात पडून असतो आणि वळताना काचेला घासतो. भाऊ म्हणतो आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला कसली क्रूरता. ६ फुटी टँक घेऊ का? की मोठे मासे उपवन तलावात सोडू, मोकळे तरी जगतील? अरोवाना मात्र सासऱ्यांनी वास्तूसाठी दिलाय, तो हलवता येणार नाही. महिन्यातून एकदा पूर्ण पाणी बदलतो, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुतो. काही चुकतंय का?"

नमस्कार दादा,

पहिल्यांदा एक गोष्ट, तलावात काहीही सोडू नका. उपवन नाही, मासुंदा नाही, खाडी नाही, गावची नदी पण नाही. बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण येत्या रविवारी बादली घेऊन निघायचा विचार असेल तर तो आत्ताच थांबवा, का ते पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट, तुमची बायको आणि मुलगी बरोबर बोलतायत. तुम्ही मुद्दाम कुणाला त्रास देत नाही हे पत्रावरूनच कळतं, ज्याला काळजी नसते तो पत्र लिहित बसत नाही. पण हेतू चांगला असला तरी त्या टँकमधल्या माशाला रोज जे भोगावं लागतंय ते त्याने कमी होत नाही, आणि आता तुम्हाला कळलंय म्हटल्यावर पुढचं तुमच्यावर आहे.

तुमच्या टँकचं माप घेऊन बसलो. ४ बाय दीड बाय दीड म्हणजे ९ घनफूट, काठोकाठ भरला तर साधारण २५५ लिटर, आणि खडी, वरची रिकामी जागा वगैरे धरली की सव्वादोनशेच्या आसपास पाणी. त्यात तुमच्या माशांची लांबी जोडली तर ८७ इंच होते. शौकीन लोकांचा एक जुना अंदाज आहे, एका गॅलनला (साधारण ३.८ लिटर) एक इंच मासा, तो तुमच्या टँकला लावला तर काठोकाठ भरूनही ६७ इंच येतात. म्हणजे त्या सगळ्यात ढोबळ आणि सगळ्यात सैल हिशोबातसुद्धा तुम्ही बाहेर आहात. आणि तो हिशोब मुळात गप्पी, टेट्रा असल्या बोटाएवढ्या माशांसाठी आहे, मोठ्या माशाला तो लागूच होत नाही. कारण मासा नुसता लांब होत नाही, रुंद होतो, जाड होतो. तुमचा कॅटफिश २ इंचाचा होता तो १४ इंचाचा झाला, लांबी ७ पट झाली, पण वजन सात गुणिले सात गुणिले सात, म्हणजे साधारण ३४३ पट झालं. त्याचं खाणं, त्याची घाण, त्याला लागणारा ऑक्सिजन हे सगळं वजनाच्या बाजूने वाढतं, आणि पाणी मात्र पहिल्या दिवशी होतं तेवढंच आहे.

आता दुकानदाराच्या दोन वाक्यांबद्दल, कारण ही दोन वाक्यं मी इतक्या लोकांकडून ऐकलीत की त्याचा राग येतो.

मासा टँकच्या मापाने वाढतो, हे खरं नाही. लहान टँकमध्ये काही माशांची वाढ खुंटते हे खरं आहे, पण ती खुंटते कारण पाणी सतत खराब असतं, हालचाल नसते, ताण असतो. वाढ खुंटलेला मासा म्हणजे टँकला जुळवून घेतलेला मासा नव्हे, तो आजारी मासा असतो, पाठीचा कणा वाकतो, शरीराच्या मानाने डोळे मोठे दिसतात, आयुष्य कमी होतं. आणि रेड टेल कॅटफिश तर एवढाही थांबत नाही. हा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांचा मासा आहे, पूर्ण वाढ म्हणजे चार फुटांच्या आसपास, वजन पन्नास किलोच्या वर गेल्याची नोंद आहे. तुमचा टँक चार फुटी, आणि त्यातला एक मासा एकटाच चार फुटी होणार, यात अजून काय सांगायचं. तो तुमच्याकडे १४ इंचाचा आहे म्हणजे अजून बाळ आहे हो.

आणि तुमचा चौथा शार्क बहुतेक तिथेच गेला. आरटीसी, म्हणजे रेड टेल कॅटफिश, जे तोंडात मावतं ते गिळतो, आणि त्याचं तोंड किती उघडतं ते जेवताना एकदा बघा. उद्या ऑस्करची पाळी येऊ शकते. त्याचा यात दोष नाही, तो शिकारी मासा आहे, त्याला शेजाऱ्यांबरोबर कोंडलंय आपण.

गर्दी केली की मारामारी कमी होते हे दुसरं वाक्य. यात एक खरी गोष्ट दडलेली आहे म्हणून ते पटतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे जे रंगीत म्बुना सिक्लिड असतात, चार-पाच इंचाचे, ते थोडे ठेवले तर एक दांडगा नर बाकीच्यांना मारून टाकतो, म्हणून अनुभवी लोक ते जास्त संख्येने ठेवतात म्हणजे मार एकट्यावर पडत नाही. पण त्याबरोबर ते दुप्पट-तिप्पट फिल्टर लावतात, दगडांच्या कपारी करतात, पाणी सारखं बदलतात. ती युक्ती उचलून फूट-फूटभर माशांना लावणं म्हणजे नुसता धंदा आहे. तुमच्या टँकमध्ये भांडणं दिसत नाहीत कारण भांडायला सुद्धा जागा लागते, स्वतःचा म्हणून एक कोपरा असावा लागतो, तो कुणालाच नाही. आपण लोकलच्या गर्दीत चेंगरून उभे राहतो तेव्हा मनात असतं की दादर आलं की उतरायचं, या माशांना उतरायला स्टेशनच नाही.

तुम्ही म्हणता सगळे खातात, रंग चांगला, एकही मेला नाही, मग वाईट कसं. दादा, इथे जरा थांबून विचार करा की तुमच्याकडे कुठले मासे आहेत. तुमचा शार्क म्हणजे शार्क नाहीच, तो पंगस, मेकाँग नदीचा मासा, हॉटेलात बासा म्हणून ज्याचे फिलेट मिळतात तोच. तो वर येऊन हवा गिळून जगू शकतो. सकरही हवा गिळतो आणि पोटातून ऑक्सिजन घेतो. ऑस्कर कमी ऑक्सिजनमध्ये तग धरण्यासाठी प्रसिद्ध आहे. हे सगळे असे मासे आहेत की जे पुरात, डबक्यात, चिखलात मरायचं नाकारतात, म्हणूनच तर ते दुकानातून नवख्या माणसाच्या घरी पोचतात आणि टिकतात. त्यांचं जिवंत असणं हा त्यांच्या चिवटपणाचा पुरावा आहे, तुमचा टँक ठीक असल्याचा नाही. आणि खाण्याचं म्हणाल तर ऑस्कर बरा नसतानाही खातो.

मुलीचं निरीक्षण मात्र अर्धं बरोबर आणि अर्धं चूक, तिला हे नक्की सांगा कारण तिला आवडेल. आरटीसी हा तळाचा आणि रात्रीचा मासा आहे, दिवसा पडून राहणं हा त्याचा स्वभावच, तेवढ्यावरून तो दुःखी आहे असं म्हणता येत नाही. पण वळताना काचेला घासणं ही खरी खूण आहे. अशा अजून खुणा तिला शोधायला सांगा, कल्ले नेहमीपेक्षा भराभर हलतायत का, तोंडाची टोकं घासून लाल-पांढरी झालीत का, मिशा तुटल्यात का, शार्क काचेला समांतर वर-खाली एकाच जागी येरझाऱ्या घालतायत का किंवा लाईट लावला की दचकून धडकतायत का, ऑस्करच्या डोक्यावर बारीक खड्डे पडतायत का, अरोवानाचा एक डोळा खाली झुकलाय का. पंगस हा थव्याने लांबच लांब पोहणारा घाबरट मासा आहे, त्याला चार फुटांत ठेवणं मला व्यक्तिशः आरटीसीपेक्षाही वाईट वाटतं, कारण आरटीसी निदान पडून तरी राहतो.

आता पाणी, हे नीट समजून घ्या कारण खरा छळ दिसत नाही तो इथे आहे. मासा कल्ल्यातून सतत अमोनिया सोडतो, तो विषारी असतो, कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे जिवाणू वाढतात ते त्याचं नायट्राइट करतात, ते पण वाईट, त्याने रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, पाण्यात भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. म्हणजे तुमचा खरा फिल्टर तो स्पंज नाही, त्याच्यावरचे जिवाणू आहेत, आणि तुम्ही दर महिन्याला त्यांना नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली धुऊन मारताय आणि त्याच दिवशी सगळं पाणीही बदलताय, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला एवढे मोठे आठ मासे जवळजवळ नव्या, कच्च्या टँकमध्ये पडतात. वर उन्हाळा, पाणी ३० डिग्रीला गेलं की त्यात ऑक्सिजन कमीच मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो तिथे ३० ला साडेसात, आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि त्याच गरम पाण्यात अमोनियाचा विषारी भाग पण वाढतो. मे महिन्यात दुपारी तीन तास लाईट गेली तर काय होईल याचा विचार करा.

भावाचं म्हणणं मी टाळणार नाही, कारण हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात येतो आणि तो फालतू नाही. मासे खाणाऱ्याने माशाच्या त्रासाबद्दल बोलू नये का? मला वाटतं बोलावं. ताटातली सुरमई पकडली जाईपर्यंत समुद्रात सुरमईसारखी जगली, तिचा शेवट वाईट असेल, त्यावर वेगळी चर्चा होऊ शकते आणि व्हायला पण हवी. पण तुमच्या टँकमधला मासा पंधरा वर्षं सहज जगू शकतो, आणि ती सगळी वर्षं कशी जातील हे तुम्ही ठरवताय, समुद्र नाही. एक गोष्ट करतो म्हणून दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी माफ होत नाही. आणि माशाला दुखत नाही असं जे आपण लहानपणापासून ऐकलं ते आता टिकत नाही, २००३ साली स्कॉटलंडमधल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ट्राउट माशाच्या तोंडावर दुखापत ओळखणारे चेतातंतू सापडले, आणि ओठात ॲसिटिक ॲसिड टोचल्यावर ते मासे ओठ खडीवर घासायला लागले, कितीतरी वेळ जेवले नाहीत. त्याला नेमकं कसं वाटतं ते माशाच्या आत शिरून कुणी सांगू शकत नाही, पण काहीच वाटत नाही असं धरून चालायला आता आपल्याकडे कारण उरलेलं नाही.

तर सहा फुटी टँक. ६ बाय २ बाय २ मध्ये साधारण ६८० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचे ६८० किलो, वर काच, खडी, स्टँड. राहत्या घराची स्लॅब आपल्याकडे साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात, आणि हा टँक जवळपास सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर त्याच्या तिप्पट वजन टाकतो. कॉलम-बीम जवळ, भिंतीला लागून असे टँक लोक ठेवतात, अशक्य नाही, पण चौथ्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता अजिबात नाही, खाली पण कुणीतरी राहतं. आणि एवढं करून मिळणार काय? आरटीसीला दोन फूट रुंदी काही महिने पुरेल. त्याला पूर्ण वाढीत हजारो लिटरचा हौद लागतो, घरात बसणारी गोष्टच नाही ती. मोठा टँक घेतला की आपल्याला वाटतं प्रश्न सुटला, तो फक्त पुढे ढकलला जातो, आणि त्या मधल्या काळात रिकामी जागा दिसली की माणूस अजून दोन मासे आणतो, हे मी फार बघितलंय. म्हणून टँक आधी नाही, मासे आधी कमी करा. नंतर सहा फुटी घ्यायचा तर अरोवानासाठी घ्या, त्यातही रुंदी वाढवून.

तलावाचं आता सांगतो. मोकळे जगतील हा विचार मनातून आला हे मला कळतंय, पण यात दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, मासा मरतो, घरातल्या गोळ्या खाणारा मासा विसर्जनाने आणि सांडपाण्याने गढुळलेल्या तलावात उपाशी किंवा गुदमरून मरतो आणि ते तुम्हाला दिसत नाही एवढंच. दोन, मासा जगतो, आणि ते त्याहून वाईट. तुमच्या टँकमधला सकर बघा, तो असाच लोकांनी सोडून सोडून आज देशभर पसरलाय, पूर्व कोलकात्याच्या भेड्यांमध्ये, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांमध्ये, त्याने मच्छीमारांना हैराण केलंय, आपल्या उजनीत पण तो जाळ्यात यायला लागला. त्याच्या अंगावर हाडाच्या कडक पट्ट्या आणि काटे, जाळी फाटतात, त्याला भाव मिळत नाही, आणि काठाच्या मातीत तो बिळं करतो. केरळात २०१८ च्या महापुरानंतर चालकुडी नदीत अरापाइमा सापडले, ॲमेझॉनचा महाकाय मासा, कुणाच्या तरी हौदातून वाहून आलेला. २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार मिळाला, तो अमेरिकेचा, मगरीच्या तोंडाचा. हे मासे पोहत आले नाहीत, कुणाच्या तरी हॉलमध्ये जागा संपली म्हणून आले. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्या भोई-कोळी कुटुंबांनी आपल्या हौसेची किंमत का द्यायची? शिवाय टँकमधले परजीवी आणि रोग बरोबर जातात ते वेगळंच.

आणि गावच्या मित्राचं शेततळं आहे, तिथे सोडतो, असं कुणी सुचवलं तरी सावध राहा. जुलैत शेततळं भरून वाहिलं की पाणी ओढ्याला, ओढा नदीला. चारी बाजूंनी बंद, पुरात न वाहणारा सिमेंटचा हौद असेल तरच.

मग काय करायचं ते सांगतो, सगळं एका दिवसात होणार नाही हे गृहीत धरूनच.

पहिलं पाणी. टेस्ट किट आणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच चारही मोजता येतील असं. पूर्ण पाणी बदलणं बंद, त्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाव ते एक तृतीयांश, नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन घालून, तापमान जुळवून. पीएच खूप खाली गेलेला आणि अमोनिया आलेला दिसला तर सुरुवातीला रोज थोडं थोडंच बदला, कारण पीएच एकदम वर गेला की पाण्यातला तोच अमोनिया जास्त विषारी होतो. स्पंज नळाखाली नाही, टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा आणि सगळे एकाच दिवशी नाही. खाणं निम्मं करा, मोठ्या माशाला रोज पोटभर लागत नाही, आठवड्यातला एक दिवस काही नाही दिलं तरी चालतं. चिकन, मटणाचे तुकडे देत असाल तर बंद, चांगली पेलेट द्या. बॅटरीवर चालणारा एअर पंप आजच आणा. आणि नवीन मासा एकही नाही, मुलीने हट्ट केला तरी नाही.

मग मासे हलवायचे, आणि क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी आरटीसी, कारण तो वाढतोय, शेजाऱ्यांना गिळू शकतो आणि जितका मोठा होईल तितकं त्याला कुणी घेणार नाही. ही अडचण सगळ्या जगात आहे, ब्रिटनमध्ये लोक सार्वजनिक मत्स्यालयांना घरात न मावणारे मासे इतके देऊ करायला लागले की त्यांनी "बिग फिश कॅम्पेन" नावाची मोहीम काढली, असे मासे विकूच नका म्हणून, आणि त्यात रेड टेल कॅटफिश पहिल्या काहींत होता. म्हणजे मत्स्यालय घेईल या भरवशावर राहू नका. ज्यांच्याकडे खरोखर मोठे हौद आहेत असे मॉन्स्टर फिश पाळणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत, त्यांना शोधा. पण मासा देण्याआधी हौद स्वतः जाऊन बघा, लांबी-रुंदी मोजा, आत आधीच किती मासे आहेत ते बघा, कारण तुमच्या गर्दीतून काढून दुसऱ्याच्या गर्दीत टाकलं तर काही केलं असं होत नाही. पैसे मागू नका, फुकट द्या, म्हणजे निवडायचा अधिकार तुमच्याकडे राहतो. ज्या दुकानातून घेतला तिथे परत देणं हा शेवटचा पर्याय ठेवा, तो परत कुणातरी दोन फुटी टँकवाल्याला विकला जाईल याची शक्यता दाट आहे.

शार्क तिघेही एकत्रच जाऊ देत, एकेकटे देऊ नका. मत्स्यशेती करणारा कुणी ते घेईल असं वाटत असेल तर बहुतेक जण रोगाच्या भीतीने घरातला मासा घेत नाहीत. आणि कुणी घेतलाच तर तो शेवटी बाजारात जाणार. हे ऐकायला कठीण आहे, विशेषतः मुलीला, पण मला विचाराल तर चार फुटांत काचेला धडकत काढलेल्या दहा वर्षांपेक्षा ते जास्त वाईट आहे असं मला म्हणता येत नाही. हा निर्णय घरातल्या तिघांनी मिळून घ्या, तिच्यापासून लपवून नको.

सकरलाही मोठी जागा लागते, तो दीड फुटापर्यंत जातो आणि टँक साफ करतो म्हणून आणलेला असला तरी घाण तोही भरपूर करतो. तोही जायला हवा. मग राहिले दोन ऑस्कर, त्यांना हा चार फुटी टँक चांगला फिल्टर लावून चालेल, ऐसपैस नाही पण प्रामाणिकपणे चालेल. आणि खरं सांगू, दोन ऑस्कर नीट ठेवले तर घरात कंटाळा येत नाही, ते माणसं ओळखतात, खडी उचलून घर बदलत बसतात, गर्दीत तुम्हाला ते कधी दिसलंच नसेल.

मासा हलवताना जाळी वापरू नका, आरटीसी आणि सकरचे काटे जाळीत अडकून तुटतात. आदल्या दिवशी उपाशी ठेवा, झाकणाचा मोठा ड्रम किंवा थर्माकोलचा बॉक्स, टँकचंच पाणी, बॅटरीचा पंप, दोन माणसं, आणि सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत. एखादा मासा खरंच फार आजारी असेल तर गटारात किंवा फ्रीझरमध्ये टाकणं हा उपाय नाही, माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा, त्रास न होता शेवट करण्याची औषधं असतात. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रोगाबद्दल तिथे विचारून बघायला हरकत नाही.

आता सासरे. अरोवानाबद्दल लोक मानतात की तो घरावरचं संकट स्वतःवर घेतो, आणि तो मेला की म्हणतात घराची इडापिडा घेऊन गेला. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, त्यांनी प्रेमाने दिलाय. पण या समजुतीचा एक वाईट परिणाम होतो की अरोवाना मेला तरी कुणी विचारत नाही का मेला, पाणी खराब होतं का, जागा नव्हती का, लगेच दुसरा आणतात. सासऱ्यांशी भांडू नका, त्यांना टँकसमोर बसवा आणि सांगा हा मासा अडीच-तीन फुटांचा होतो, आणि आपला टँक आत दीड फूट रुंद आहे. मग विचारा, बाबा, ज्याला आपण घराचा रक्षक म्हणतो त्याला असं ठेवणं आपल्याला शोभतं का? माझा अंदाज आहे ते ऐकतील, ती पिढी पाहुण्याची आणि मुक्या जिवाची आबाळ सहन करत नाही. दोन मार्ग ठेवा त्यांच्यापुढे, इंजिनिअरने हो म्हटलं तर वर्षभरात रुंद टँक फक्त अरोवानासाठी, नाहीतर त्यांच्या ओळखीत मोठा हौद असलेलं घर. तोपर्यंत झाकण घट्ट आणि वजन ठेवून बंद करा, अरोवाना फांदीवरचे किडे पकडायला पाण्याबाहेर उडी मारणारा मासा आहे, रात्री जमिनीवर पडून मेलेले अरोवाना खूप घरांत सापडतात.

एक खात्री मात्र करून घ्या, तो सिल्व्हरच आहे ना. सिल्व्हर अरोवाना दक्षिण अमेरिकेचा, त्याला अडचण नाही. पण लाल किंवा सोनेरी असेल तर तो आशियाई अरोवाना असू शकतो, तो साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली त्यानंतर असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कुणाला देताना पण ते कागद लागतात. शंका असेल तर वनविभागाला विचारा, लपवू नका.

टेस्ट किटचे आकडे आले की चारही पाठवा, बरोबर फिल्टर कुठला आहे आणि ताशी किती लिटर पाणी फिरवतो ते लिहा. आरटीसीची लांबी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला काचेवर पट्टी लावून मोजायला सांगा आणि ती पण कळवा, म्हणजे आपल्या हातात किती वेळ आहे ते नीट ठरवता येईल.